कागदावरचा प्रभार

प्रिय सूनबाई,

सूनबाई लिहिताना हात अडखळतो. आधी तू माझी विद्यार्थिनी होतीस, आणि मास्तर म्हणून मी तुझ्याशी जेवढा नीट वागलो तेवढा सासरा म्हणून वागलो नाही. बोटांची सूज उतरली का? फोन केला होता. तुझ्या आईनं माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. बरोबरच केलं.

काल शिकवणीत संस्पंदन, म्हणजे रेझोनन्स, घेतलं. ओझोनच्या दोन रचना फळ्यावर काढल्या, एकीत दुहेरी बंध डावीकडे, दुसरीत उजवीकडे. एका मुलीनं मध्ये उलटसुलट दोन बाण काढले, म्हणजे रेणू घटकेत असा, घटकेत तसा. ही चूक तूही करायचीस आणि मी अर्धा गुण कापायचो. मी नेहमीचं सांगितलं, की बाई गं, रेणू इकडून तिकडे उड्या मारत नाही. मोजले तर दोन्ही बंध सारखेच भरतात. तो सदासर्वदा एकच असतो. चित्रं दोन लागतात, कारण एका चित्रात तो मावत नाही. बोलता बोलता माझा खडू हातातच राहिला. आदल्याच दिवशी आमचे चिरंजीव सोफ्यावर बसून म्हणत होते, बाबा, तो मी नव्हतोच, रागात मी वेगळाच माणूस होतो.

हे वाक्य त्यानं माझ्याकडून उचललंय. तो सात वर्षांचा असताना मी त्याच्या आईच्या कानाखाली अशी मारली की पडदा फाटला आणि रक्त मानेवरून खाली उतरलं. मग मीच तिला दवाखान्यात नेलं, माझ्या हातानं भरवलं, आणि म्हणालो, तो मी नव्हतो. पोरगा दाराशी उभा होता. पुढे एकदा बरगडी मोडली, एकदा दोन दात पडले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात हसतमुख, आणि लोक म्हणायचे, सर म्हणजे देवमाणूस. मारणारा आणि भरवणारा मी एकच होतो, हे कळायला मला सत्तरी गाठावी लागली. लाज वाटते.

त्या सकाळचं तुला सांगायला नको, पण मला लिहायला हवं. त्यानं तुझी बोटं ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये धरली आणि लाथेनं ड्रॉवर बंद केला. एकदा नाही, तीनदा. तू ओरडलीस तेव्हा केस धरून तुझं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. मी स्वयंपाकघराच्या दारात वर्तमानपत्र घेऊन उभा होतो. पोलिसांना मात्र सांगितलं, मी झाडांना पाणी घालत होतो.

रविवारी काका-मामा मंडळी समेटाला बसणार आहेत. टाळी एका हातानं वाजत नाही, हे मामांनी आत्तापासूनच ऐकवायला घेतलंय. औपचारिक प्रभार, तो फॉर्मल चार्ज, काढताना आपण असंच करायचो, आठवतं? बंधातले इलेक्ट्रॉन कोण आपल्याकडे ओढतंय ते बघायचं नाही, निम्मे निम्मे वाटून मोकळं व्हायचं. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फ्लोरिनची ओढ केवढी, तरी कागदावर दोघांवरही शून्य. रेणूच्या बाबतीत चालतं ते. मंडळी तुझ्यापुढे तसलाच कागद ठेवतील, दोघांचंही थोडं थोडं चुकलं म्हणून. सही करू नकोस. परत येऊ नकोस, मी अंथरुणाला खिळलोय असं कुणी सांगितलं तरी.

एवढंच सांगायचं असतं तर चिठ्ठी पुरली असती. आज सकाळी पोलीस ठाण्यात येऊन मी जबाब बदलला. ड्रॉवर, लाथ, ओटा, सगळं लिहून दिलं. नक्कल सोबत जोडलीय, वकिलाला दे. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, मीही येते. मला वाटलं, सोबतीला. माझी सही झाली तशी ती त्याच खुर्चीत बसली आणि अधिकारी बाईंना विचारलं, नवऱ्याविरुद्ध जुनी तक्रार घेता का? बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. तास उलटून गेला, दार अजून बंदच आहे. मी बाहेरच्या बाकावर बसून तुला लिहितोय. ती आत काय काय सांगत असेल ते मला पाठ आहे, आणि बोलावतील तेव्हा मी त्यातलं काहीही नाकारणार नाही.

तुझाच,
जुना मास्तर