शहाण्याचे दात

३ मार्च

चि. सूनबाई,

आशीर्वाद. तू खुशाल असशील, मीही खुशाल आहे. बाकीचा नेहमीचा मजकूर लिहिला असं समज, कारण मला बातमी सांगायची घाई झाली आहे. तुझ्या शहाण्याने वाचनालयाची खुर्ची खाल्ली.

सगळी नव्हे. मागचा डावा पाय, तोही खालून वीतभर. वाचनालयाच्या बाईंनी त्यांच्या खुर्च्या वेत बदलायला टाकल्या आहेत. मी पुढच्या खोलीत बैठक विणत बसले होते. ओला वेत भोकातून ओढायचा म्हणजे सगळं लक्ष बोटांत असतं, हे तुला माहीत आहे. मागून कुर्रकुर्र आवाज येत होता. मला वाटलं, बरं झालं, बाळ आपलं आपण खेळतंय. वळून बघते तर पाय पेन्सिलीसारखा तासलेला, खाली भुसा, आणि भुशात बसून हे महाशय शेपूट हलवतायत. चाळीस वर्षं या घरात सुतारकाम चाललं, पण इतक्या झपाट्याने लाकूड काढणारा कारागीर मी पाहिला नाही. तुझे सासरे असते तर त्याला पगारावर ठेवला असता.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मी ऐकते कमी आणि ओरडते जास्त. म्हणून पत्र.

त्याआधी गादीचा कोपरा, माझी एक चप्पल (एकच, दुसरीला तोंड लावलं नाही), मोजपट्टी आणि टीव्हीचा रिमोट एवढं झालंच होतं. नाकी नऊ आणलेत मेल्याने. चप्पल घेऊन पळाला की मी मागे, मी मागे की तो आणखी जोरात. टेबलाभोवती आमच्या फेऱ्या चाललेल्या बघून समोरचा इस्त्रीवाला इस्त्री ठेवून दारात उभा राहतो.

पण खरी बातमी पुढेच आहे. तो पाय पुन्हा भरायला घेतला, तर लाकडात काहीतरी रुतलेलं. चिमट्याने काढलं. दात, गं. तांदळाच्या दाण्याएवढा, पांढराशुभ्र. मी घाबरून त्याला उचललं आणि तशीच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी त्याचं तोंड उघडून मला दाखवलं. दुधाचे दात पडतायत, खालून नवे येतायत, हिरड्या शिवशिवतात, म्हणून तो सापडेल ते चावतो. खोडी नाही, ठणका आहे. मी त्याला इतके दिवस गुंड म्हणत होते. घरी येऊन त्याची माफी मागितली.

आता इलाज सुरू. फडकं ओलं करून गाठी मारायच्या आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं. गार झालं की त्याला द्यायचं आणि समोर बसून राहायचं, गिळू द्यायचं नाही. चप्पल उचलली की मागे धावायचं नाही, फडकं पुढे करायचं. चप्पल सोडली की शाबासकी. पहिल्याच दिवशी त्याने खुर्ची सोडून फडकं धरलं, तेव्हा मी घरात एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

तुझी अट लक्षात आहे. नव्या जागेतलं सगळं सामान घरमालकिणीचं, एक ओरखडा दिसला तर कुत्रा बाहेर. त्याची खोड मोडली की तू येऊन त्याला नेणार. तुमचं दोघांचं बिनसलं, तू तिकडे नोकरी धरलीस, चिरंजीव ऑफिसजवळ राहायला गेले आणि कुत्रा माझ्या पदरात पडला. बिनसण्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही असं ठरवलंय. कुत्र्याबद्दल मात्र खूप बोलणार.

जमलं तर खुर्ची बघून जा.

दमलेली, पण हार न मानलेली,
आई


१९ मार्च

चि. सूनबाई,

आशीर्वाद. तू गेलीस त्याला आठवडा होऊन गेला तरी शहाणा अजून दारापाशी जाऊन हुंगतो. मीही एकदा गेले. हुंगलं नाही, नुसती बघून आले.

खुर्चीचा पाय बघायला आलीस आणि मुक्काम केलास, हे फार छान झालं. तीन खुर्च्यांच्या पाठी एका दिवसात. मी पुढून वेत घालते, तू मागून ओढून परत देतेस. एकटीने करायचं म्हणजे दर फेरीला उठून मागे जावं लागतं, गुडघे बोलायला लागतात. वाचनालयाच्या बाईंनी कामावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “दोघींनी केलंय ना? कळतंय.” मी त्यांना आणखी एक चहा दिला.

तर आता वाईट बातमी. सुधारणा म्हणावी तशी नाही. जेवणाच्या टेबलाचा कोपरा गेला, फोटो फोनवर पाठवला आहे, बघ. शिवाय छोट्या स्टुलाचे दोन पाय. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, म्हणतात ते उगाच नाही. घरमालकिणीसमोर न्यायच्या लायकीचा व्हायला अजून वेळ लागेल. किती ते सांगता येत नाही. घाई करण्यात अर्थ नाही.

तू मात्र येऊन एकदा टेबल बघायला हवंस. फोटोत नीट कळत नाही.

चिरंजीव रविवारी येऊन गेले. बरे आहेत. वजन घटलंय. यापुढे लिहीत नाही.

शहाण्याचा वरचा सुळा आला. चमकतो नुसता. मी त्याला आरसा दाखवला, तर आरशातल्या कुत्र्यावर भुंकला.

वाट बघत असलेली,
आई


२७ मार्च

सूनबाई,

आज हे पत्र पोस्टात टाकत नाही, तितका वेळ नाही. लिहून झालं की पानांचे फोटो काढून फोनवर पाठवते. वाचल्याशिवाय त्या लोकांना काहीही कळवू नकोस.

तुझा निरोप सकाळी वाचला. ‘आई, तुमचं पोट त्या खुर्च्यांवर आहे. मी माझं ओझं तुमच्यावर टाकलं. मोठं अंगण असलेलं एक चांगलं कुटुंब मिळालंय, शनिवारी येऊन ते शहाण्याला घेऊन जातील. मला तो हवा होता, पण तुमचं नुकसान करून नको.’ वाचता वाचता माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता ऐक.

टेबलाचा कोपरा शहाण्याने खाल्ला नाही. मी खाल्ला.

म्हणजे कानशीने. आधी कडा गोल केली, मग टोच्याने दातांचे खड्डे पाडले, मग चहाचं पाणी चोळलं, म्हणजे लाकूड ताजं दिसू नये. स्टुलाचंही तेच. काम इतकं फर्मास झालं की मला चेवच आला, आणि कपाटाच्या दारावरही दात उमटवले. उमटवून झाल्यावर लक्षात आलं की ते कडीच्या उंचीवर आहेत आणि तिथे पोचायला पिल्लाला शिडी लागेल. तो फोटो पाठवला नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. हे सगळं चाललेलं असताना शहाणा शेजारी बसून आपलं फडकं चघळत होता. अधूनमधून माझ्याकडे बघत होता. नाव तुम्ही बरोबर ठेवलंत, त्या खोलीत शहाणा तेवढा एकच होता.

तू येऊन गेलीस तेव्हापासून त्याने लाकडाला तोंड लावलेलं नाही. एकदाही नाही. नवे दात जवळजवळ सगळे आले. चप्पल समोर टाकली तर वास घेतो, आणि फडकं आणायला स्वतः फ्रीजपाशी जाऊन बसतो. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “इतक्या लवकर वळण लागलेलं पिल्लू मी कमी बघते. काय केलंत?” मला इतका अभिमान वाटला की रस्ताभर मी त्याच्याशी मोठ्याने बोलत आले. आणि हे नेमकं ज्या माणसाला सांगायला हवं, त्याच माणसापासून मी लपवत होते.

का, ते तुला कळलंच असेल, पण लिहिते. खुर्ची मोडली म्हणून तू आलीस. जेवलीस, राहिलीस, सकाळी माझ्याआधी उठून वेत भिजत घातलास. तू गेल्यावर मला वाटलं, कुत्रा सुधारला की ही येईल, त्याला घेऊन जाईल, आणि मग हिला या घरी यायला काय कारण उरणार? म्हणून कारण तयार केलं. मला दुसरं येतं काय, लाकूडकामच येतं.

परवा कोर्टात तुमचे कागद झाले. चिरंजीव सांगायला आले होते. मी रडले नाही. तू कशी आहेस, जेवतेस का, एवढंच विचारलं. तर म्हणाले, “आई, ती आता आपली कोण?” मी म्हटलं, “दमून आलायस, बस त्या खुर्चीवर.” ती अजून विणायची होती. बसले ते सरळ आत गेले, गुडघे छातीला. शहाण्याने तोंड चाटलं. बाहेर काढता काढता आम्ही दोघंही हसलो, आणि मग तो रडला, सूनबाई, लहान होता तसा. मी त्याच्या बाजूने काही सांगत नाही. आपलेच दात अन् आपलेच ओठ, मी कोणाला बोल लावू? पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला त्याला देता आलं नाही, म्हणून तुला देते. तू माझी आहेस. त्याच्याकडून आलीस, हे खरं. पण माझ्याजवळ बसून विणायला शिकलीस ती स्वतःहून, त्याला त्याच्या कागदांत कुठे रकाना नसेल.

तर आता काम. त्या अंगणवाल्यांना आत्ताच्या आत्ता नाही म्हण. माणसं चांगली असतील, पण कुत्रा तुझा आहे. शनिवारी तू ये. त्याचं फडकं, वाटी, पट्टा सगळं बांधून ठेवते. घरमालकिणीला माझा नंबर दे, एक ओरखडा निघाला तर टेबलखुर्च्या मी जाऊन दुरुस्त करीन. निघणार नाही.

मी रडेन. तू लक्ष देऊ नकोस, त्याला घे आणि गाडीत बस.

आणि मग, तुझी सवड बघून, पुन्हा ये. तेव्हा काही मोडलेलं नसेल. मी आजारी नसेन, कुत्रा आणायचा किंवा न्यायचा नसेल, कोणाचा निरोप नसेल. काही कारण नसेल. तरी ये. तसं बोलावण्याचा मला हक्क उरलाय की नाही हे मी कोणाला विचारलेलं नाही, तुलाच विचारते.

कायद्याने आता तुझी कोणीही नसलेली,
तुझी,
आई