चौथा स्क्रू

२८ सप्टेंबर १९९८
आज यशोधराने तिचा लॅपटॉप माझ्या हातात दिला. मुलगी आपला प्रबंध कुणाच्याही हातात देत नाही. अर्थ उघड आहे.
राहुरीला ज्वारीवर एम.एस्सी. करते. ३० ऑक्टोबरला प्रबंध द्यायचाय. मशीन पुण्याच्या मामाचं, जुनं, गोगलगाय. मीच म्हणालो, प्रोसेसर बदलून देतो. ती म्हणाली, फक्त चिप बदल, बाकी आत काही करू नकोस. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं म्हणून लोकांना वाटतं मला येत नाही. येत होतं म्हणूनच सोडलं.
प्रबंधात आभाराचं पान असतं. तिथे माझं नाव येणार. शेवटी आलं तरी चालेल. शेवटचंच लक्षात राहतं.

३० सप्टेंबर, खंडेनवमी
नवी चिप कालच बसवली. आज हत्यार चालवायचं नसतं, म्हणून लॅपटॉप उघडाच ठेवला. आईने पाटावर वडलांचे पाने-पकडी, विळा, कोयता मांडला. शेजारी लॅपटॉप मी मांडला. हळदकुंकू फक्त झाकणाला. तेवढं सायन्स कळतं. अक्षता आईने टाकल्या, जरा सढळ हाताने. फुंकून काढल्या. एकूण एक.

१ ऑक्टोबर, दसरा, सकाळी ९.४०
यशोधरा घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेलीय. यायच्या आत काम फत्ते. चिप गार ठेवायला वर एक धातूची पट्टी असते, ती बसवली. तीन स्क्रू लोण्यासारखे गेले. चौथा बसेना. जोर लावला. बसला. म्हणजे डोकं तुटलं, पण बसला.
१०.०५. चालू. काय वेग!
१०.१७. बंद. आपोआप.

२ ऑक्टोबर
दर वेळी बरोबर बारा मिनिटं. आमच्या भिंगारच्या विजेचा दोष.
गहिनीनाथच्या टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात नेऊन स्टॅबिलायझर लावला. बारा मिनिटं. गहिनी म्हणाला, पट्टी एका अंगाने उचलल्यासारखी वाटते, खोलून बघू. मी म्हणालो, टीव्हीवाल्याने कॉम्प्युटरवर बोलू नये. शब्दाला शब्द वाढला. त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. लिहून ठेवतो.

३ ऑक्टोबर
व्हायरस असणार. प्रबंध फ्लॉपीवर सुरक्षित होता, म्हणून विंडोज पुन्हा टाकलं. चार तास गेले, कारण मध्ये मध्ये बारा मिनिटं.
दुपारी शोध लागला. माठाला ओलं फडकं गुंडाळलं, तोंडावर ताट, ताटात लॅपटॉप. सतरा मिनिटं! कॉलेजात हे शिकवत नाहीत. आईने विचारलं, आता पाणी कशातनं प्यायचं. मोठ्या कामात घरचा पाठिंबा मिळत नाही.

५ ऑक्टोबर
यशोधरा आली. मी समजावलं की सतरा-सतरा मिनिटांनी लिहिलं तर एकाग्रता वाढते. तिने माठाकडे बघितलं, लॅपटॉप उचलला आणि थेट गहिनीच्या दुकानात गेली. मागोमाग मी. पायरी चढलो नाही. खाली उभा राहिलो.
गहिनीचा बारका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिने स्वतः खोललं. चौथ्या स्क्रूचं खोड गहिनीने पकडीने ओढून काढलं, माझ्याकडे न बघता. पट्टीखाली, चिपच्या कोपऱ्यावर, तांदळाचा एक दाणा. कुंकवाने लाल.
"कानिफ, हे काय?"
मी म्हणालो, अक्षता आहे, शुभ असतं.
"असेल. पण मी सांगितलं होतं ना, चिपशिवाय आत काही नको."
ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. दाणा कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातावर ठेवला.
नंतर लॅपटॉप दोन तास चालू होता असं ऐकतो. तीन स्क्रूंवर. ते तिन्ही मी बसवलेले.
तिने दिलेली पहिली वस्तू. पुडी फडताळात, वरच्या कप्प्यात.

३१ ऑक्टोबर
प्रबंध वेळेत गेला. तिचे वडील सोपानकाका पेढे घेऊन आले, बाइंड केलेली प्रत दाखवली. आभाराचं पान तीनदा वाचलं. गाईड, आईवडील, पुण्याचे मामा. शेवटी श्री. गहिनीनाथ, भिंगार, यांच्या स्क्रू-ड्रायव्हरबद्दल.
माझं नाव नाही.
बरोबरच आहे. मनातल्या माणसाचं नाव कुणी छापत नसतं. पुरावा हवाच असेल तर पुडी आहे.

संध्याकाळी ६
फडताळात पुडी नाही. आईला विचारलं.
"येकच तर तांदूळ हुता. कोंबडीला टाकला."