यादिएलचे अकरा पराभव आणि मागची खोली

मी, मिरेल्बा फेर्मीन, वय सव्वीस, व्यवसाय शिवणकाम, राहणार सान पेद्रो दे माकोरीस, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. भीती वाटते आहे; पण भीतीमुळे मृत्युपत्र रद्द होत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत.

१. आईकडून माझ्या नावे आलेली मागची खोली माझा धाकटा भाऊ यादिएल याला मिळावी. त्याने आणखी एक हंगाम तरी चेंडू टाकावा, आणि तोवर त्याला तिथून कोणी हलवू नये. बेसबॉल सोड आणि मोटरसायकलवर भाडी मार, असे पप्पांनी त्याला बजावले आहे, म्हणून हे लिहावे लागते.

२. या हंगामात यादिएल तीन सामने जिंकला, अकरा हरला. पण नऊ डावांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्याच्या चेंडूंवर तीनसुद्धा धावा होत नव्हत्या. हरलेल्यांपैकी सहा सामन्यांत आमच्या फलंदाजांनी एकही धाव काढली नाही. समुद्राकडचा वारा उंच फटके अडवून त्याला मदत करत होता, हेही लिहिलेच पाहिजे. ते वजा केले तरी तो चांगलाच ठरतो. हे मी पप्पांना पुन्हा पुन्हा समजावले.

"पोरी, धावफलकावर वारा लिहितात का? अकरा म्हणजे अकरा."

रेडिओवर सामना लावून, प्रत्येक धावेला टेबलावर एक बूच ठेवून मला मोजायला त्यांनीच शिकवले. त्यांच्याशी मी काय वाद घालणार?

यादिएलही माझ्या बाजूने नाही. "ताई, तुझं सगळं खरं असेल गं. पण चेंडू टाकायला उभा मीच होतो ना?"

३. शिलाई मशीन माझी मैत्रीण नोरीस हिला. पायडल अडते, तेल घालत राहावे.

४. कोपऱ्यावरचा दुकानदार चेपे यादिएलला पाहिले की डॉमिनो खेळणाऱ्यांना ओरडून सांगतो, "सरका रे, अकरा आला!" त्याच्याकडे माझी प्लास्टिकची खुर्ची आहे. ती परत आणावी.

५. पप्पांना रेडिओ द्यायचा होता. पण ते या मृत्युपत्राला साक्षीदार राहणार होते, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या.

"मग मी सहीच करतो," पप्पा म्हणाले. "तुझ्यामागं उरलेलं मला काही नको."

६. डॉक्टर म्हणाले, दहांत नऊ जण बरे होतात. त्या नऊ जणांत माझ्यासारखे, आधी एकदा छाती उघडलेले किती, असे मी विचारले. त्यांना सांगता आले नाही.

मिरेल्बा फेर्मीन (सही)
सान पेद्रो दे माकोरीस, शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०१४

साक्षीदार:
ब्रुनिल्दा सोसा, शेजारीण (सही)
एलिहियो फेर्मीन, वडील (सही). सगळे वाचले. दहांत नऊ म्हणजे नऊ.