खिडकीला बांधलेलं तंबाखूचं पान

सिस्टर, वर्गाच्या खिडकीला तंबाखूचं पान बांधायला तुम्हाला दोरा हवा होता आणि मी माझ्या वेणीची रिबीन सोडून दिली होती. तुम्ही ती दातांनी उभी फाडलीत, अर्धी मला परत केलीत, अर्धीने पान गजाला लटकवलंत. माघात निपाणीच्या शिवारात जिकडेतिकडे कापलेली तंबाखू वाळत पडलेली असायची, पण कॉन्व्हेंटच्या खिडकीत तिचं पान म्हणजे नवलच. शाळा झाडणारी आक्का आम्हाला विचारायची, "सिस्टर गुपचूप मळती व्हय गं?" आणि आम्ही तोंडावर हात धरून हसायचो. तुम्ही भूगोल शिकवताना मध्येच जाऊन ते पान बोटांत धरायचात. कुरकुरीत लागलं तर धडा पुढे. मऊ पडलेलं असलं, तर भर थंडीत हवेत ओल कुठून आली म्हणून तुम्ही कितीतरी वेळ आभाळाकडे बघत राहायचात.

एका दुपारी पान ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं आणि वारा पडला होता. तुम्ही पितळी घंटा वाजवत सगळ्या शाळेला कौलारू वर्गांतून बाहेर काढलंत आणि दगडी प्रार्थनाघरात कोंबलंत. गारा आल्या तर कौलं फुटून पोरींच्या डोक्यात पडतील, म्हणालात. शाळा सुटेपर्यंत आम्ही तिथे घामेजून बसलो. एक थेंब पडला नाही. आक्का दारातून म्हणाली, "सिस्टर, गारा ऱ्हाऊ द्या, उनानं माझं टाळकं फुटाय लागलंय." संध्याकाळी फाटकाशी पालक जमले, त्यात माझे आप्पाही होते. "पोरी शिकाय धाडल्यात, पळाय न्हाई," असं ते तुमच्या तोंडावर बोलले. लाजेने माझी मान वर झाली नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तुम्ही सगळ्यांसमोर उभ्या राहिलात. "काल मी चुकले. त्याबद्दल मी देवाचे आभार मानले. तुम्हीही माना." मोठ्या मुली खुदखुदल्या. चुकल्याबद्दल आभार कसले मानायचे, ते मलाही कळलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात पान पुन्हा मऊ पडतं. शाळेच्या प्रमुख मदर तुम्हाला व्हरांड्यात अडवतात, पुन्हा शाळेचं हसं करू नका म्हणून बजावतात. तुम्ही त्यांना वळसा घालून निघून जाता आणि घंटा वाजवता. आम्ही कुरकुरत, रेंगाळत निघतो. शेवटची रांग अंगणात असतानाच कागलच्या बाजूचं आभाळ हिरवट काळं होऊन अंगावर येतं. पहिली गार फरशीवर दगडासारखी फुटते आणि मग दुसरं काही ऐकूच येत नाही. कौलं फुटून आत कोसळत होती, बाकांवर, आम्ही रोज बसायचो तिथेच. तुम्ही दारात उभ्या राहून एका हाताने एकेकीला आत ओढत होतात, दुसऱ्या हाताने घंटा वाजवत होतात. एक गार घंटेच्या लाकडी दांड्यावर बसली, तो चिरला. एक तुमच्या कपाळावर बसली. डोक्यावरचं पांढरं वस्त्र लाल झालं, पण शेवटची मुलगी आत येईपर्यंत घंटा थांबली नाही. सगळं शांत झालं तेव्हा चिंचेखाली माना मोडलेल्या पोपटांचा खच पडला होता. कुणाची तरी शेळी खुंट्याला बांधल्या जागी मेली होती. आप्पा शेतातून धावत आले, त्यांच्या डोक्यातून रक्त गळत होतं. त्यांनी मला चाचपून पाहिलं आणि तुम्हाला म्हणाले, "तंबाखू गेली, सिस्टर. पोर ऱ्हायली." लोक तुम्हाला हात जोडत होते. तुम्ही एक मेलेला पोपट ओंजळीत घेऊन म्हणालात, "आजही मी चुकले असते तर बरं झालं असतं."

मी बाहेरगावी शिकायला निघाले तेव्हा तुम्ही मला ती चिरलेल्या दांड्याची घंटा दिलीत. वाजवायला लाजू नकोस, एवढंच म्हणालात. पुढे मी हवामानाचा अंदाज सांगणारी झाले. दिल्लीत आमच्या दालनाच्या भिंतीवर अख्खा देश असतो. हिवाळ्यात पश्चिमेकडून झंझावात आत शिरला की कुठे बर्फ, कुठे धुकं, कुठे गारपीट, हे आम्ही जिल्ह्याजिल्ह्याला रंग देऊन सांगतो. नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे जीव वाचवा. आक्का गेली, पण तिची मुलगी दर हिवाळ्याला मला एक पान पाठवते. बंद दालनातल्या कोरड्या हवेत ते कधीच मऊ पडत नाही. तरी मी ते टेबलाशी टांगते.

गेल्या हिवाळ्यात उत्तरेच्या एका डोंगरी जिल्ह्याला मी लाल रंग दिला. घाट बंद झाला, रस्त्यावरच्या मजुरांना पत्र्याच्या छावणीतून खाली गावातल्या शाळेत आणलं, आणि लख्ख ऊन पडलं. टीव्हीवर आमची टिंगल झाली. मॅडम, तुमचा बर्फ दिल्लीतच वितळला का, असं तिथल्या अधिकाऱ्याने फोन करून विचारलं. आठवडा उलटायच्या आत नकाशे पुन्हा तसेच दिसायला लागले. वरिष्ठ म्हणाले, या खेपेला नारिंगी पुरे. माझ्या हाताखालची तरुण मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, पुन्हा हसतील." मी म्हटलं, "हसू देत," आणि लाल दिला. मजूर शिव्या देत खाली उतरले. सकाळभर तिथे ऊन होतं. दुपारी आभाळ आणि वारा एकदमच घाटावर तुटून पडले, आणि अंधारायच्या आत डोंगराची एक बाजू सुटली. हिमकड्याने छावणी उचलून नदीत फेकली, पत्रे चुरगळून टाकले, रस्ता करायचं अवजड यंत्र पलीकडच्या काठावर उलटं नेऊन आपटलं. छावणी रिकामी होती. फक्त तिथला स्वयंपाकी, ऊन पडलेलं बघून, वर बांधलेलंच राहिलेलं खेचर सोडायला गेला होता. तो सापडला तेव्हा दावं त्याच्या हातात होतं.

शेकडो वाचले म्हणून शाल देऊन माझा सत्कार झाला. तुम्हाला म्हणून सांगते, सिस्टर. त्या सकाळी ऊन होतं, फोनवर फोन येत होते, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, येऊ दे. वादळ येऊ दे, मी खरी ठरू दे. माझ्या म्हणण्याने डोंगर सुटत नाही, हे मला चांगलं कळतं. पण तुमच्या ओंजळीतला तो पोपट आठवला की शाल अंगावर घेववत नाही.

या उन्हाळ्यात मी निवृत्त होते आहे. तुम्ही आता नाही, त्यामुळे हे पत्र कुठे पाठवायचं नाही, पण वस्तू पाठवायच्या आहेत. घंटा माझ्या हाताखालच्या त्या मुलीला द्यायची, दांडा आहे तसाच ठेवून. पानाचा वारसा करता येत नाही, ते दर हिवाळ्याला नवंच लागतं. आक्काच्या मुलीने यापुढे ते त्या मुलीच्या पत्त्यावर पाठवावं. रिबिनीचा अर्धा तुकडा अजून माझ्याकडे आहे, तो घंटेबरोबर जाईल, पान टांगायला. शाल स्वयंपाक्याच्या बायकोला. सोबत माझं नाव घालू नये. तिकडे थंडी फार असते, एवढंच लिहावं.