वहीतले ते सहा दिवस

बाबा,

तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. तुमच्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येते. गोळी वाटीत आहे, जेवण झाकून ठेवलंय. वरून मीठ घेऊ नका, मान एकदम वळवू नका. चक्कर सुरू झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत हे तुम्हाला पाठ झालंय, पण आई गेल्यापासून तुम्ही मुद्दाम विसरता असं मला वाटतं.

डॉक्टरांना दाखवायला तिची वही काढली. तुम्हाला चक्कर आली की ती तारीख, वेळ आणि कानात किती गुणगुणतंय ते लिहायची. मार्चमध्ये तुम्ही सहा दिवस काकांकडे होतात, आई इथेच होती. त्या सहा दिवसांतही चार नोंदी आहेत, तिच्याच अक्षरात. मी तारखा तीनदा पडताळल्या.

ती जिन्यावरून पडून गेली तेव्हा आपण सगळ्यांना सांगितलं की पाय घसरला. आता मला काहीच कळेनासं झालंय. या नोंदी डॉक्टरांना कुणाच्या म्हणून सांगू?

तिलाही चक्कर येते असं ती तुम्हाला कधी बोलली होती का? बोलली असेल तर मी चिडणार नाही. नसेल बोलली, तर मला आधी बसू द्या, मग सांगा.

धाकटी