काउंटर नसलेली बँक

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता माझं वय तुमच्यापेक्षा जास्त भरतं. तरी तुम्हाला लिहायला बसलो की पाठ आपोआप ताठ होते. गिरीज गावातल्या त्याच घरी मागच्या पडवीत बसलोय. समोर वाडी आहे, पूर्वीपेक्षा लहान. पलीकडे इमारत उभी राहिली आहे आणि दुपार कलली की तिची सावली केळींवर येते. तरी राजेळीचे घड यंदा बरे धरलेत. पिकलेली केळी सोलून सुकेळ्यांसाठी उन्हात घातली आहेत आणि कावळे हाकलण्याचं काम माझ्याकडे आहे. "तुम्हाला जमेल असं एवढंच काम उरलंय," असं सून हसत म्हणते. तिला काय ठाऊक, कावळे हाकलता हाकलता माणसाला किती कविता आठवतात! तुम्ही देशावरून आमच्या शाळेत नव्यानं आलात, तेव्हा आईनं माझ्या हाती अशीच सुकेळी तुमच्यासाठी पाठवली होती. "हे काय रे, चामडं?" असं तुम्ही म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हळूच विचारलंत, "अजून आहे का घरी?"

आज लिहायचं कारण म्हणजे माझी नात. यंदा बारावी झाली. तिला इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचंय. कसली बँक, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. मी जन्मभर स्टेशनजवळच्या शाखेत काउंटरमागे बसलेला माणूस, मला वाटलं निदान या बाबतीत तरी घरात माझा शब्द चालेल.

"त्या बँकेत काउंटर नसतो, आजोबा."

"मग माणसं उभी कुठे राहतात?"

"माणसं येतच नाहीत. कंपन्या येतात."

"चालत?"

तिनं कपाळावर हात मारला. मग मी तुमची रीत काढली. तुम्ही कविता पाठ झाली की नाही ते कधी तपासत नव्हता. "घरी जा, ज्याला वाचता येत नाही अशा माणसापुढे उभा राहा आणि म्हणून दाखव. त्याला कळली तर तुला आली," असं सांगायचात. बसून म्हणायची नाही, उभ्यानं, हात मागे बांधून. बसलं की छातीतला श्वास दबतो, असं तुमचं म्हणणं. माझ्या आजीला मी अशा कितीतरी कविता ऐकवल्या. ती वाल सोलत ऐकायची आणि आमच्या घरच्या बोलीत असे काही प्रश्न विचारायची, की कवीलाही उत्तर सापडलं नसतं. तर नातीला म्हटलं, "बाय, मी या विषयात अडाणी. उभी राहा आणि मला सांग."

तिनं सांगितलं, बाई, आणि सुंदर सांगितलं. "समजा, ही आपली वाडी कुणाला तरी विकत हवीय. तो आज झाडावर दिसणारे घड मोजेल. पण खरी किंमत दिसणाऱ्या घडांची नसते. बुंध्याशी जी पिल्लं फुटलीत, ती पुढे किती वर्षं धरतील, वारा किती पाडेल, पाणी खारं होईल का, याचा अंदाज बांधून आज एक आकडा सांगायचा. दोघांना पटेल असा. तेच माझं काम." मी कावळे हाकलायचं विसरलो. अजून न आलेल्या फळाकडे बघून आज बोलायचं, हे आमच्या काउंटरवर कुणी कधी केलं नव्हतं. हे तर तुमच्या तासाला चालायचं.

निकाल लागल्यापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांना जागा नव्हती. नुसती माहितीपत्रकं. कुणी म्हणे बी.कॉम. करून सी.ए. हो, कुणी म्हणे आधी इंजिनिअर, मग एमबीए. शेवटी दोनच वाटा उरल्या. एक म्हणजे मुंबईचं मोठं कॉलेज, तीन वर्षं अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र, पूर्णवेळ विद्यार्थिनी. दुसरी कॅडेटशिप. हा शब्द मला एनसीसीचा वाटला होता. पण यात ती बँकच बारावीच्या पोरांना निवडते, दिवसा ऑफिसात कामाला बसवते, आणि पदवी संध्याकाळी नि शनिवारी करायची, फी बँकेची. मुलाचं गोखिवऱ्याला छोटंसं वर्कशॉप आहे, तो हात काळे करून मोठा झालेला. तो म्हणाला, "कामावर शिकतं ते खरं शिकतं. कॅडेटशिप घे." सून शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "अठराव्या वर्षी ऑफिसात? पोरीला जरा कॉलेजात हुंदडू तरी द्या." रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारातही दोघं हेच भांडत होते.

त्या कॅडेटशिपची मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर झाली. त्यातली गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. आठवडाभर पोरगी माझ्यासमोर उभी राहून सराव करत होती. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, "एखाद्या धंद्याची किंमत कशी ठरवाल, सोप्या शब्दांत सांगा." झालं! ही सवयीनं खुर्चीवरून उठली, हात मागे बांधले आणि सुरू झाली. समोरच्यांना दिसत होती फक्त कुडत्याची बटणं. सगळं म्हणून झालं, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "फार छान. आता बसता का? आम्हाला तुमचा चेहरा बघायचाय." ती बाहेर आली ती रडतच. "तुमच्या बाईंनी माझी वाट लावली, आजोबा!" आणि पुढच्याच आठवड्यात निवड झाल्याचं कळलं. कॉलेजातही नाव लागलं होतं. दोन्हीकडे सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

शनिवारी दुपारी ती इथंच माझ्या शेजारी येऊन बसली. उलटायची केळी उलटली, एक तोंडात टाकलं. "पप्पा एक सांगतात, मम्मी दुसरं. तुम्ही काहीच बोलत नाही. तुमचं काय मत?"

आणि बाई, मी एकदम तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. चर्चच्या मागच्या त्या भाड्याच्या खोल्या. मी नुकताच मॅट्रिक झालोय. बँकेतून नेमणूक आली आहे आणि मनात मात्र कॉलेज आहे, मराठी घेऊन बी.ए. तुम्ही भाकरी थापताय, परातीवर तुमच्या बांगड्या वाजतायत. मला खात्री आहे की तुम्ही कॉलेज म्हणणार. तुम्ही भाकरी तव्यावर टाकता, वरून पाणी फिरवता आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "बँकेत जा. पाठची भावंडं आहेत तुला."

"आणि कविता, बाई?"

"कविता काय बोट आहे, सुटून जायला?" मग माझा चेहरा बघून तुम्ही आणखी रागावता. "तोंड पाडू नकोस. तुझ्या वह्या मी वाचल्यात. यमकं छान जुळवतोस. पण ओळ अजून एकही लिहिली नाहीस." भाकरी फुगते. फळीवरचा आपला पितळी डबा काढून, पुसून, त्यात ती गरम भाकरी नि लसणाची चटणी घालून तुम्ही माझ्या हातात देता. "बँकेत उपाशी बसू नकोस." तो डबा मी निवृत्तीपर्यंत नेला. कवितेचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. बोट सुटली नाही, धक्क्यालाच राहिली. मी यमकं जुळवत राहिलो.

म्हणून माझं मन कॉलेजच्या बाजूनं होतं. खरं सांगायचं तर मला ते कॉलेज तिच्या डोळ्यांनी बघायचं होतं. दगडी जिना, वाचनालयातले पंखे, तास चुकवून चहाला जाणं, संध्याकाळी घरी येऊन हे सगळं मला सांगणं. पण आजोबांना हवंय म्हणून जा, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? या घरात माझ्या मताला सुकेळ्यांपलीकडे किंमत नाही. तुमच्या शब्दाला मात्र आहे, इतकं मी तुमच्याविषयी बोलत असतो. तेव्हा मी म्हणालो, "आमच्या बाई सांगायच्या, जिथं 'मला कळलं नाही' असं न लाजता म्हणता येतं, तीच शाळा."

तिनं ते वाक्य एकदा पुटपुटून बघितलं. मला वाटलं, जमलं. कॉलेजात पोरं हात वर करून विचारू शकतात, ऑफिसात पगार घेऊन कोण विचारणार? पोरगी बरोबर वळणार.

तिनं काय केलं असेल? सोमवारी सकाळी, कळवण्याआधी, त्या मुलाखतीतल्या बाईंनाच फोन लावला. मग धावत पडवीत आली. "आजोबा, मी त्यांना सरळ विचारलं, मॅडम, तुमच्याकडे मला कळलं नाही असं म्हटलं तर चालतं का? त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, पहिलं वर्षभर दुसरं काही बोलूच नकोस. जी मुलं असं म्हणत नाहीत, त्यांचीच आम्हाला भीती वाटते." मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे ती शाळाच झाली ना? तुमच्या बाई ग्रेट होत्या!"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिचा चेहरा असा होता, की त्यापुढे कॉलेजचा दगडी जिना विरघळून गेला. आत मुलगा बायकोला चिडवत होता, "बघ, बाबांच्या बाई माझ्या पार्टीतल्या निघाल्या." आणि खरंच होतं ते. तुम्ही असतात तर तुम्हीही तिला बँकेतच धाडलं असतं, वर भाकरीही बांधून दिली असती. पितळी डबा मी घासून ठेवलाय. तिनं आधीच सांगितलंय, ऑफिसात कँटीन आहे, पण पहिल्या दिवशी नेईन.

हे पत्र त्याच डब्यात ठेवणार होतो, पण तिनं उघडलं तर? उशीखाली राहू दे. कारण एक गोष्ट राहिलीय. तिनं ते 'तीच शाळा'चं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलंय, आणि खाली लिहिलंय, 'आजोबांच्या बाई'. रोज येता-जाता मला दिसतं. बाई, तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हता. ते माझंच आहे. यमक नाही त्यात, पण मला वाटतं, ओळ आहे.