दंडावरचा निळा ठिपका

सोम., ३ नोव्हें.
हिंजवडीची कॅब. वाकडच्या पुलाखाली सगळं ठप्प. मांडीवर लॅपटॉप उघडून आपलं काम केलं. आपलं म्हणजे ॲपचं. टॅटू काढून घेणाऱ्यांची आणि काढणाऱ्यांची गाठ घालून देणारं. ऑफिस पोटासाठी, हे जिवासाठी.
निलेशला 'जागा निवडा'चा स्क्रीन पाठवला. (कोड त्याचा, डिझाइन माझं.) माणसाची आकृती, हवं तिथे बोट ठेवायचं. नुसती आकृती मेल्यासारखी दिसत होती, म्हणून उजव्या दंडावर, बाहेरच्या बाजूला, एक निळा ठिपका आधीच ठेवून दिला. हलवायचा तर हलवा, नाहीतर पुढे. निलेश म्हणाला, "आता जिवंत वाटतंय."
शनिवारी दोन पाहुणे येणार, ॲप आवडलं तर त्यात पैसे घालणार. त्यांना खरं बुकिंग, खरा माणूस, खरा टॅटू दाखवायचाय. माणूस कुठून आणू? हौस सगळ्यांना, पहिला नंबर कुणालाच नको.

गुरु., ६
माणूस घरातच निघाला. ओम्या! माझा भाऊ, घरातलं शेंडेफळ. फौजेच्या भरतीची तयारी चाललीये, अकॅडमीत जातो, पहाटे मोशीतून इंद्रायणीच्या कडेने धावत सुटतो. त्याला म्हणे त्रिशूळ काढायचाच होता. "ताई, तुझं काम होतंय ना, मग झालं."
रीतसर टेस्ट घेतली. माझा फोन त्याच्या हातात, वरून निलेशच्या जुन्या फोनचा कॅमेरा चालू, कुठे अडखळतो ते बघायला. जागेच्या स्क्रीनवर जरा रेंगाळला, बाकी सरसर. व्हिडिओ नंतर बघेन. आत्ता दुसरीच शंभर कामं.

शनि., ८
झालं एकदाचं. चिंचवडला, विकीच्या स्टुडिओत. आमच्याकडे नाव नोंदवलेला हा पहिला आर्टिस्ट. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडतो, हातमोजे घालतो, म्हणून मला आवडतो. पाहुणे मागे खुर्च्यांवर. विकीने ओम्याची बाही वर सरकवली, विचारलं, "इथंच ना, भावा?" ओम्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून फोनमध्ये, 'काम सुरू' असं दिसतंय की नाही ते बघत. म्हटलं, "बुकिंगमध्ये आहे ना, तिथंच."
त्रिशूळ झकास आला. पाहुणे खूश. निलेशने पेढा भरवला. सगळं चांगलं झालं की मला जास्त भीती वाटते, हा जुनाच रोग.

रवि., ९
आईने स्वतःचा गोंदलेला हात ओम्याच्या दंडाशेजारी धरला. "मला गोंदलं तवा दोगी जणींनी धरून ठिवलं व्हतं. ह्यो बघा, हसत बसला आसंल." खूप हसलो. मग अप्पा आले, चाकणची शिफ्ट संपवून. डबा ओट्यावर ठेवला, त्रिशूळ बघितला.
"भरतीला चालतंय का ह्ये?"
"चालतं की अप्पा." पण ओम्या बघत होता माझ्याकडे.
"कुणाला इचारलंस?"
कुणालाच नाही. मी तर नाहीच नाही.

सोम., १०
ओम्याचा अकॅडमीतून फोन. सरांनी बाही वर करायला लावली. कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला असता तर चाललं असतं म्हणे. दंडावर, बाहेरून? मेडिकलला अडवतील. भरती याच महिन्याच्या शेवटी. पुढच्या वेळी त्याचं वय बसत नाही.
विकीला फोन केला. "ताई, वरून दुसरं काढलं तर आणखी मोठं होणार. जाणार नाही." लेझरवाल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, बऱ्याच फेऱ्या लागतील, महिने जातील, आणि डाग राहिला तर राहिला.
ओम्या चिडला असता तर बरं झालं असतं. "बघू गं," एवढंच म्हणाला. या भरतीपायी पोरगा मित्राच्या लग्नात जिलेबीला हात लावत नाही.

बुध., १२
व्हिडिओ बघितला. बघायलाच नको होता.
ओम्या ठिपका धरतो. दंडावरून खाली ओढतो, कोपराच्या खाली, आत. थांबतो. "ताई, सर कायतरी म्हणत होते, इथं आतल्या..." आणि माझा आवाज. घाईतला, वैतागलेला. "अरे, पुढे पुढे दाब ना! नंतर बदलता येतं."
तो बोट उचलतो. ठिपका सुटतो आणि आपला परत दंडावर जाऊन बसतो. जागा पक्की न करता बोट उचललं तर ठिपका मूळ जागी जावा, ही सोय माझीच. तो 'पुढे' दाबतो.
तीनदा बघितलं. नंतर बदलता येतं! काय बोलले मी हे.

शुक्र., १४
ठिपका काढला. आकृती रिकामी, जागा स्वतः निवडल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. त्याआधी एक प्रश्न घातला : 'फौज किंवा पोलिस भरतीची तयारी करताय का?'
निलेश म्हणाला, "मनीषा, टॅटूच्या ॲपमध्ये हे कोण विचारतं? लोक अडखळतील."
"अडखळू देत."
"पाहुण्यांना जुना स्क्रीन आवडलाय. कशाला हात लावतेस?"
हिंजवडीत वेडगळ वाटेल हा प्रश्न, कबूल. पण इकडे मोशी-चाकणच्या गावांत घरटी एक पोरगा पळतोय. कडाक्याचं भांडण. तो म्हणाला, सोमवारी ठरवू. मी म्हटलं, माझ्यापुरतं ठरलंय.

सोम., १७
निलेशने ठिपका परत घातला. प्रश्न ठेवलाय, पण सगळ्यात शेवटी, बुकिंग झाल्यावर. तिथे त्याचा काय उपयोग? सांगून टाकलं, असंच जाणार असेल तर माझं डिझाइन त्यात नको. अजून उत्तर नाही. दिवसभर फोन बघतेय, आणि खरं तर भीती त्याच्या उत्तराची नाही, ओम्याच्या मेडिकलची वाटतेय.

बुध., २६
ओम्या भरतीसाठी नगरला गेला. पूर्ण बाह्यांचा शर्ट. अप्पांनी कधी नव्हे ती रजा टाकली, सोबत गेले. निघताना मला म्हणाले, "गॅस बंद करत जा." बाकी दोन आठवड्यांत माझ्याशी बोलणं असं नाहीच. आई देव पाण्यात घालून बसलीये. ऑफिसात एका बटणाचा रंग ठरवायला मला दुपार लागली.

गुरु., २७
फोन आला. ग्राउंड निघालं! धावण्यात पहिल्या गटात. उद्या मेडिकल. मागून अप्पांचा आवाज, "जेवली का इचार तिला." तिथेच बांध फुटला माझा.
"ताई, रडू नको गं. तुझा काय दोष? बटण मीच दाबलं ना."
त्याला खरंच तसं वाटतंय. सर काय म्हणत होते, मी काय बोलले, सगळं विसरलाय. व्हिडिओचं त्याला माहीत नाही. सांगायला तोंड उघडलं होतं. शब्दही जुळवले होते, तुझं बोट बरोबर जागी होतं, ओम्या.
"काय गं? बोल की."
"काही नाही," मी म्हटलं. "झोप आता."